१ करिंथ १४ सलग वाचल्यावर: उपासनेत क्रम आणि मोकळीक

पायवाट

नमस्कार सगळ्यांना. आमच्या अभ्यास गटात सध्या करिंथकरांस पहिलं पत्र चाललंय आणि १४ व्या अध्यायाशी आम्ही चांगलेच रेंगाळलोय, त्यावरून हा धागा. त्या अध्यायाचं शेवटचं वचन, सगळं शिस्तीत आणि व्यवस्थित होऊ द्या, बहुतेकांना पाठ असतं. पण ते कधी कानावर येतं बघा. कुणी उपासनेत मधेच उभं राहून साक्ष द्यायला लागलं, कुणी न सांगता मोठ्याने प्रार्थना केली, की हे वचन निघतं, म्हणजे कुणालातरी खाली बसवायला. आणि ज्यांना छापील क्रम नको असतो ते २ करिंथ ३:१७ काढतात, प्रभूचा आत्मा आहे तिथे मोकळीक, झालं, चर्चा संपली. खरं तर तिथे ही दोन्ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल मोशेच्या तोंडावरच्या आच्छादनाबद्दल बोलतोय, रविवारच्या सभेत काय आधी आणि काय नंतर याबद्दल नाही. दोन्हीकडे एकेक ओळ हातात आणि मधलं सगळं न वाचलेलं.

२६ व्या वचनापासून सलग वाचा. तुम्ही जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काहीतरी असतं, कुणाजवळ स्तोत्र, कुणाजवळ शिक्षण, कुणाजवळ प्रकटीकरण, कुणी अन्य भाषेत (आत्म्याच्या प्रेरणेने, ऐकणाऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत) बोलतो, कुणी अर्थ सांगतो. पौल याला आळा घालत नाहीये, तो हे धरूनच चाललाय. मग नियम येतात. अन्य भाषेत दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून आपल्याशी आणि देवाशी बोलावं. संदेष्ट्यांनी दोघांनी तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारख करावी. आणि मग ३० वं वचन, माझ्यासाठी अख्ख्या अध्यायाची किल्ली तिथे आहे: बसलेल्या दुसऱ्या कुणाला काही प्रकट झालं तर पहिल्याने थांबावं.

थांबायचं कुणी? जो आधीच उभा राहून बोलतोय त्याने. बसलेल्याला ‘तुझी पाळी नाही’ असं पौल म्हणत नाही, बोलणाऱ्याला सांगतो की आता जागा दे. मी हे वचन आधी कितीदा तरी वाचलं होतं पण यातली दिशा कधी लक्षात घेतली नव्हती, नियमाचा भार सगळा ज्याच्या हातात सभा आहे त्याच्यावर टाकलाय.

आता याच्याशेजारी अध्याय ११ ठेवा. प्रभुभोजनाला जमतात तेव्हा जो तो आपलं आपलं आधी खातो, एक उपाशी आणि दुसरा पिऊन झिंगलेला, आणि पौल शेवटी उपाय काय सांगतो तर ११:३३, एकमेकांसाठी थांबा. दोन अध्याय, दोन वेगळ्या गोष्टी, दुखणं एकच की मी पुढे गेलो आणि शेजारी मागे राहिला. आणि या दोघांच्या मधे तेरावा अध्याय आहे, जो आपण लग्नात वाचतो, पण पौलाने तो उपासनेच्या भांडणाच्या ऐन मध्यावर ठेवलाय.

तर माझं म्हणणं एवढंच की पौलाच्या लेखी क्रम ही दुसऱ्यासाठी जागा करण्याची पद्धत आहे. मग ज्या उपासनेत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आवाज ऐकू येतो ती कितीही सुबक असली तरी ४० व्या वचनातली शिस्त ती नव्हे, आणि ज्या मोकळ्या सभेत दर वेळी तेच तिघेजण माईक धरतात तिथली मोकळीकही २६ व्या वचनातली नव्हे. तुम्हाला काय वाटतं, मनापासून ऐकायचंय.

शांतसमय

चांगला धागा. मी छापील प्रार्थनापुस्तकाच्या परंपरेत वाढले आणि तिथेच आहे, त्यामुळे थोडं त्या बाजूने लिहिते, कारण अशा चर्चेत लिहिलेली प्रार्थना म्हणजे आत्म्याविना प्रार्थना असं जवळजवळ गृहीत धरलं जातं आणि ते मला पटत नाही.

अटकेच्या रात्री गेथशेमानेत प्रभू येशू प्रार्थना करतो, मार्क १४:३९ वाचा, दुसऱ्यांदा गेला आणि तेच शब्द पुन्हा बोलला. घाम गाळणाऱ्या त्या घटकेला नवीन शब्द शोधले नाहीत. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते २२ वं स्तोत्र आणि ३१ वं, म्हणजे कित्येक पिढ्यांनी आधीच म्हटलेले शब्द. त्यापेक्षा खरी, आतून आलेली प्रार्थना कोणती असणार? योना माशाच्या पोटात प्रार्थना करतो ती ओळीओळीला स्तोत्रांची भाषा आहे. जे पाठ असतं ते संकटात आपोआप वर येतं, पाठ नसेल तर काय येणार.

आणि विलापगीत बघा. यरुशलेम जळून गेलंय, लेकरं भुकेने मेलीत, आणि कवी ते दुःख हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर बसवतो, पहिला, दुसरा आणि चौथा अध्याय प्रत्येकी २२ वचनांचा, तिसरा ६६ वचनांचा म्हणजे प्रत्येक अक्षराला तीन. पाचवाही २२ चा आहे पण तिथे वर्णक्रम सुटलाय. मला नेहमी वाटतं की इतकं दुःख धरायला त्याला ती चौकट लागली असेल, नाहीतर नुसता आक्रोश राहिला असता.

अजून एक. प्रेषितांची कृत्ये ३:१ मधे पेत्र आणि योहान मंदिरात चाललेत ते नवव्या तासाच्या, म्हणजे दुपारी तीनच्या, ठरलेल्या प्रार्थनेला. पन्नासाव्या दिवसाचा अनुभव नुकताच येऊन गेलाय, आत्मा ओतला गेलाय, तरी ते ठरलेल्या वेळेला ठरलेल्या ठिकाणी जातात, आणि त्या पांगळ्याला बरं करण्याची अजिबात न ठरलेली गोष्ट त्याच वाटेवर घडते.

जागल्या

मी जरा विरोधी लिहितो, राग मानू नका.

पायवाट, तुम्ही क्रम म्हणजे माणसामाणसांतली जागा एवढ्यावरच आणून ठेवलात. पण उपासना आधी देवासाठी असते ना? मग देवाने काय सांगितलंय हा प्रश्न पहिला, शेजाऱ्याला जागा मिळाली का हा नंतरचा. लेवीय १० मधे अहरोन याजकाच्या मुलांनी, नादाब आणि अबीहू यांनी, परमेश्वराने न सांगितलेला अग्नी नेला आणि तिथल्या तिथे मेले. कुणाची जागा हिरावली होती त्यांनी? २ शमुवेल ६ मधे कराराचा कोश नव्या गाडीवर ठेवलाय, सगळे वाद्यं वाजवत नाचतायत, उत्साहाला काही कमी नाही, बैल अडखळले, उज्जाने हात लावला आणि तो मेला. हेतू वाईट होता असं कुणी म्हणेल का? तरी. दाविदाला पुढे याचं कारण कळतं आणि तो १ इतिहास १५:१३ मधे ते स्पष्ट सांगतो, की आम्ही विधीप्रमाणे त्याला शरण गेलो नव्हतो. कोश लेव्यांनी (उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाने) दांड्यांनी खांद्यावर न्यायचा हे मोशेच्या वेळेपासून सांगितलेलं होतं, गाडीची कल्पना पलिष्ट्यांची, १ शमुवेल ६ मधे त्यांनीच कोश तसा परत पाठवला होता.

म्हणून सुधारणावादी (युरोपातल्या धर्मसुधारणेतून आलेल्या) परंपरेतल्या कितीतरी मंडळ्या म्हणतात की उपासनेत शास्त्राने सांगितलंय तेवढंच आणा. लोकांना ते कोरडं वाटतं पण त्यामागे ही भीती आहे आणि ती भीती मला योग्य वाटते. आज कुणालाही काहीही सुचतं आणि तो म्हणतो आत्म्याने सुचवलं.

तंतुवाद्य

जागल्यादादा, तुम्ही १ इतिहास १५ वर आणून सोडलंत आणि माझं आवडतं पान त्याच्या जरासंच पुढे आहे म्हणून राहवत नाही, मी उपासनेत वाजवतो आणि गाणी बसवायचं काम बरीच वर्षं करतोय त्यामुळे हा अध्याय माझ्यासाठी नेहमी उघडा असतो, १ इतिहास २५.

तिथे आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांना वेगळं काढलंय, आणि काम काय, तर वीणा, सतार, झांजा यांच्या साथीने संदेश देणं. वाजवणं आणि संदेश देणं एकाच वाक्यात! आपण संदेश म्हटला की एकदम अचानक आलेलं काहीतरी समजतो. आता पुढे वाचा, या लोकांची संख्या २८८ दिलीय, सगळे शिकलेले, तयारीचे, आणि त्यांच्या २४ तुकड्या, आणि कुठली तुकडी कधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, लहान मोठा, गुरू शिष्य असा भेद न करता. म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने बोलणाऱ्यांचं चक्क वेळापत्रक आहे! मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ तसाच बसलो, कारण आमच्याकडे रिहर्सल केली की काहींना वाटतं आत्म्याला जागा उरली नाही आणि रिहर्सल नाही केली की बाकीच्यांना वाटतं देवाचा मान राखला नाही, आणि इथे दोन्ही एकाच अध्यायात शांतपणे नांदतायत.

आणि त्याचं फळ कुठे दिसतं तर २ इतिहास २०. यहोशाफाट राजावर मोठं सैन्य चालून आलंय, सगळा यहूदा बायकालेकरांसकट परमेश्वरासमोर उभा आहे, राजा प्रार्थना करतो आणि शेवटी म्हणतो काय करावं आम्हाला कळत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. तेव्हा मंडळीच्या मधे परमेश्वराचा आत्मा कुणावर येतो? यहजिएलवर, आणि त्याची वंशावळ मुद्दाम दिलीय, आसाफाच्या वंशातला लेवी. गायकांच्या घरातला! ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या पाळीने गायचं काम होतं त्याच्याच तोंडून त्या दिवशी न ठरलेला शब्द आला. वरची शांतसमय यांची पेत्र योहानाची गोष्ट आणि ही गोष्ट मला एकाच जातीच्या वाटतात. आमच्या वादकांना मी म्हणतो की ताल पक्का बसलेला असेल तरच गवय्याला मनासारखी फिरत घेता येते, ताल हलला की तोही बिचारा समेकडेच बघत बसतो.

पायवाट

तंतुवाद्य, यहजिएलची वंशावळ मी आजवर नुसती ओलांडून जात होतो, खूप धन्यवाद.

जागल्या, राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. उपासना आधी देवासाठी हे शंभर टक्के मान्य. पण नादाब अबीहूच्या अध्यायाचा शेवट वाचा ना, तो कुणी वाचत नाही. त्याच दिवशी, दोन मुलगे गमावलेल्या अहरोनाच्या घरात, पापार्पणाचा बकरा नियमाप्रमाणे खायला हवा होता आणि तो न खाता जाळून टाकला. मोशे संतापला, विधी मोडला म्हणून. अहरोन म्हणाला की आज माझ्यावर हे असं गुजरलंय, आज मी ते खाल्लं असतं तर परमेश्वराला बरं वाटलं असतं का? आणि अध्याय संपतो तो असा, की मोशेने ते ऐकलं आणि त्याला ते पटलं. एकाच अध्यायात, एकाच दिवशी, एक नियमभंग जीव घेतो आणि दुसरा मान्य होतो. म्हणजे नुसतं ‘सांगितलं होतं की नव्हतं’ एवढ्याने उत्तर येत नाही. एक जण स्वतःहून पुढे सरसावला होता, दुसरा शोकात मागे सरला होता.

आणि यहूदाचा राजा हिज्कीया याचा वल्हांडण सण, २ इतिहास ३०. आधीच महिना चुकलेला, पहिल्याऐवजी दुसरा, कारण पुरेसे याजक शुद्ध झाले नव्हते. त्यात उत्तरेकडून आलेल्या पुष्कळ लोकांनी शुद्ध न होताच वल्हांडण खाल्लं, लिहिलेल्या नियमाविरुद्ध, तसं स्पष्ट म्हटलंय. हिज्कीया त्यांच्यासाठी प्रार्थना करतो की ज्याने मन लावून देवाचा शोध धरलाय त्याला क्षमा कर, पवित्रस्थानाच्या शुद्धीप्रमाणे तो शुद्ध नसला तरी. परमेश्वराने ऐकलं आणि लोकांना बरं केलं. आणि मग ते इतके आनंदले की आणखी सात दिवस सण वाढवला, जे कुठल्याच नियमात नव्हतं.

भीती हवीच, पण शास्त्र फक्त भीतीच शिकवतं असं नाही.

जागल्या

अहरोनाचा भाग मान्य. हिज्कीया मात्र लक्षात घ्या, तो नियम मोडून ‘काही होत नाही’ म्हणाला नाही, क्षमा मागितली. नियम नियमच राहिला. आजकाल हा फरक पुसला जातो एवढंच म्हणणं.

मोहरीचा दाणा

मी दुसऱ्या टोकाकडून येते, छापील क्रम नसलेल्या, मोकळ्या मंडळीतून. आणि मला ती मोकळीक मनापासून प्रिय आहे हे आधी सांगते. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पेत्राचं बोलणं चालू असतानाच पवित्र आत्मा उतरला (प्रेषितांची कृत्ये १०:४४), त्याने प्रवचन संपायची वाट बघितली नाही. गणना ११ मधे एलदाद आणि मेदाद निवासमंडपाकडे गेलेच नव्हते, छावणीतच राहिले होते आणि तिथेच संदेश देऊ लागले, एक तरुण धावत येऊन मोशेला सांगतो, यहोशवा म्हणतो त्यांना मना करा, आणि मोशे म्हणतो माझ्यासाठी तुला हेवा वाटतो का, परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं. हे वाक्य वाचलं की मला अजून भरून येतं. ज्याचा अधिकार कमी होणार होता तोच असं म्हणतोय.

पण आमच्याकडे एक गोष्ट जवळजवळ होतच नाही आणि ती म्हणजे १ करिंथ १४ चं २९ वं वचन, इतरांनी पारख करावी. माझ्यावर हे बेतलंय म्हणून लिहिते. आजारपणाच्या काळात सगळ्यांसमोर माझ्याबद्दल एकाने ‘देव मला दाखवतोय’ म्हणून असं काही सांगितलं की त्यातून सावरायला मला फार काळ लागला. ते खरं नव्हतं. आणि त्या खोलीतल्या एकानेही नंतर सुद्धा विचारलं नाही की हे तपासून बघू या का. सगळ्यांना वाटलं तपासणं म्हणजे आत्म्याला विझवणं. पण १ थेस्सलनीका ५ मधे दोन्ही सलग आहेत हो, १९ मधे आत्म्याला विझवू नका, २० मधे संदेशांना तुच्छ मानू नका, आणि लगेच २१ मधे सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरून ठेवा. पारख हा विझवण्याचा भाग असता तर पौलाने एका दमात दोन्ही सांगितलं असतं का.

१ करिंथ १४ चं ३२ वं वचनही आमच्याकडे वाचलं जात नाही, संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. म्हणजे ‘मला राहवलंच नाही’ हे उत्तर पौलाला चालत नाही. बोलणारा थांबू शकतो, म्हणून तर त्याला थांबायला सांगितलंय. आणि बोललेल्याची जबाबदारीही त्याचीच.

शांतसमय

मोहरीचा दाणा, तुम्ही हे इथे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमच्याबरोबर जे झालं ते व्हायला नको होतं. पारख करणं ही प्रेमाची गोष्ट आहे हे तुमच्या पोस्टमुळे मला जास्त कळलं.

एम्माऊसचा वाटसरू

शास्त्राबद्दल वर इतकं चांगलं आलंय की मी त्याच्या लगेच पुढच्या काळाचं थोडं लिहितो, कारण हे दोन्ही धागे तेव्हाही एकत्रच विणलेले दिसतात.

दिदाखे नावाचं छोटं मार्गदर्शन आहे, पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं धरतात. त्याची प्रत १८७३ मधे सापडली आणि १८८३ मधे छापली गेली, त्यामुळे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या भांडणांत ते कुणाच्या हाती नव्हतं. त्यात प्रभुभोजनाच्या प्रार्थना शब्दशः दिल्यात, प्याल्यासाठी ही, भाकरीसाठी ही, भोजनानंतर ही. आणि हे सगळं देऊन झाल्यावर एक छोटं वाक्य: संदेष्ट्यांना मात्र हवी तेवढी उपकारस्तुती करू द्या. तयार शब्दही आहेत आणि दारही उघडं आहे. पण त्याच पुस्तकात पुढे खोटा संदेष्टा कसा ओळखावा याच्या खुणा आहेत, उदाहरणार्थ जो आत्म्याच्या नावाखाली स्वतःसाठी पैसे मागतो त्याचं ऐकू नका. मोहरीचा दाणा यांचा मुद्दा इतका जुना आहे.

मग रोममधे हुतात्मा जस्टिन, साधारण इ.स. १५५ च्या सुमारास, सम्राटाला समजावून सांगतो की आम्ही रविवारी जमून काय करतो. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, मग पुढारी बोध करतो, मग सगळे उभं राहून प्रार्थना करतात, भाकर आणि प्याला आणला जातो, पुढारी आपल्या शक्तीप्रमाणे प्रार्थना आणि उपकारस्तुती करतो आणि लोक आमेन म्हणतात. क्रम ठरलेला दिसतो, शब्द मात्र त्या माणसाचे. त्याच्याही आधी, ११२ च्या सुमारास, प्लिनी नावाचा रोमी अधिकारी सम्राट ट्राजानला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. आळीपाळीने म्हणायचं तर दोन्ही बाजूंना ते गीत येत असणार.

पुढे शब्दही पक्के होत गेले. त्याला कारणं होती, चुकीची शिकवण शिरू नये ही मोठी काळजी, आणि प्रत्येक पाळकाला चांगली प्रार्थना करता येतेच असंही नाही. मग उलटी लाट. इंग्लंडमधे १५४९ मधे प्रार्थनापुस्तक आलं आणि शंभर वर्षांच्या आत, १६४५ मधे, पार्लमेंटने ते बाजूला सारून नुसती मार्गदर्शिका दिली, ज्यात विषय सांगितलेत आणि शब्द पाळकावर सोडलेत. १६६२ मधे परत पुस्तक. त्याच शतकात क्वेकर लोक सगळा क्रमच सोडून शांत बसायला लागले, कुणाला प्रेरणा झाली तरच बोलायचं. आणि १९०६ मधे लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, विल्यम सेमूर यांच्या सभांमधे, काळे गोरे एकत्र, कुणालाही प्रार्थनेला किंवा साक्षीला मोकळीक. म्हणजे हा लंबक सारखा हलतोय, आणि माझं प्रामाणिक मत असं की दर वेळी लोक आधीच्या पिढीच्या दुखण्यावर औषध घेतात आणि त्या औषधाचीच सवय पुढच्या पिढीला लागते. क्वेकर सभेलासुद्धा आपली रीत आहेच ना, कधी उभं राहायचं, एकाचं बोलणं झाल्यावर किती थांबायचं, हे सगळं तिथे नव्याने येणाऱ्याला शिकावं लागतं. न लिहिलेला क्रम जास्त अवघड, कारण तो कुणी दाखवत नाही.

जागल्या

एक प्रश्न राहतोच. १४:३४-३५, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. पायवाट, तुम्ही २६ ते ४० सलग वाचा म्हणालात आणि हे मधलं गाळलंत.

पायवाट

बरोबर, ते टाळून चालणार नाही. आमच्या गटात यावर एकमत नाही, त्यामुळे माझं मत म्हणून घ्या.

पहिलं, तीनच अध्याय आधी, ११:५ मधे, स्त्री प्रार्थना करते किंवा संदेश देते तेव्हा डोकं झाकलेलं असावं असं पौल सांगतो. म्हणजे ती बोलते हे त्याला माहीत आहे आणि त्याने ते थांबवलेलं नाही. तेव्हा ३४ व्या वचनाचा अर्थ ‘कधीच, काहीच नाही’ असा लावला तर पौल स्वतःलाच खोडतो. दुसरं, गप्प राहण्याची आज्ञा या परिच्छेदात तिघांना आहे, २८ मधे अर्थ सांगणारा नसताना अन्य भाषेत बोलणाऱ्याला, ३० मधे बोलत असलेल्या संदेष्ट्याला, आणि ३४ मधे स्त्रियांना. पहिल्या दोघांना कुणी जन्मभराची बंदी समजत नाही, त्या त्या प्रसंगापुरती समजतात. ३५ मधे प्रश्न विचारण्याचा उल्लेख आहे, त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की सभेत मधेच चालणाऱ्या विचारण्याबद्दल हे आहे, काही म्हणतात संदेशाची पारख करण्यापुरतं आहे. शिवाय काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं ४० व्या वचनानंतर येतात, त्यामुळे ती मुळात तिथलीच का यावरही विद्वानांत वाद आहे. मी स्वतः प्रसंगापुरती आज्ञा मानतो.

जागल्या

मी तितकं सैल वाचत नाही. पण ११:५ चं उत्तर माझ्या बाजूलाही द्यावं लागतं हे कबूल, त्यावर परत बसतो.

मोहरीचा दाणा

प्रिस्किल्ला, फिलिप्पाच्या संदेश देणाऱ्या चार मुली (प्रेषितांची कृत्ये २१:९), यांचाही विचार त्यात घ्या एवढी विनंती.

शांतसमय

मला १ करिंथ १४ च्या १६ व्या वचनाकडे यायचंय कारण आमच्या आणि मोहरीचा दाणा यांच्या, दोन्ही मंडळ्यांना ते सारखंच लागतं. पौल विचारतो, तू नुसता आत्म्याने धन्यवाद दिलास तर समोर बसलेला जाणकार नसलेला माणूस तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसं म्हणणार, तू काय बोलतोस ते त्याला समजत नाही. तू चांगली उपकारस्तुती करतोस हो, पण दुसऱ्याची उन्नती होत नाही.

म्हणजे परीक्षा आमेनची. शेजारचा माणूस याला मनापासून आमेन म्हणू शकतो का? आमच्या पुस्तकातल्या काही प्रार्थना इतक्या जुन्या भाषेत आहेत की तरुण मुलं आमेन म्हणतात ती फक्त थांबा आला म्हणून. ते आमेन पौलाला चालेल असं वाटत नाही. आणि दुसरीकडे कुणी उत्स्फूर्त प्रार्थना करताना स्वतःच्याच विचारांत इतकं लांब जातं की ऐकणारे केव्हाच सुटलेले असतात. लिहिलेली की न लिहिलेली हा प्रश्नच मग मागे पडतो. आणि तो २३ ते २५ चा बाहेरून आलेला माणूस, त्याचा विचार पौल किती करतो बघा, तुम्ही सगळे अन्य भाषांत बोलत असलात तर तो तुम्हाला वेडे म्हणेल, पण सगळे समजेल असा संदेश देत असलात तर त्याच्या मनातलं उघड होईल आणि तो पालथा पडून म्हणेल देव खरंच तुमच्यात आहे. पाच समजणारे शब्द दहा हजारांपेक्षा बरे असं तो १९ मधे म्हणतो ते याच माणसासाठी.

आम्ही आमच्याकडे एक करून बघतोय. मध्यस्थीच्या प्रार्थनेचा सांगाडा पुस्तकातलाच, जगासाठी, आजाऱ्यांसाठी, शोकात असलेल्यांसाठी, पण प्रत्येक भागानंतर थांबून लोकांना एका वाक्यात आपली विनंती मोठ्याने सांगू देतो आणि सगळे मिळून ठरलेला प्रतिसाद म्हणतात. सुरुवातीला कुणी बोलायचं नाही, मग हळूहळू मागच्या बाकांवरचे, ज्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता असे बोलायला लागले. ठरलेल्या प्रतिसादामुळे त्यांना धीर आला असं त्यांनीच सांगितलं, कारण आपलं वाक्य अडखळलं तरी पुढे सगळे मिळून सांभाळून घेतात.

तंतुवाद्य

हे फार आवडलं, आमच्या टीमला वाचून दाखवणार. १३६ व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि २६ वेळा तेच पालुपद, त्याची दया सनातन आहे, तिथेही असंच होत असणार ना, एकजण पुढची ओळ आणतो आणि सगळी मंडळी तेच उत्तर देते.

मोहरीचा दाणा

आमच्या मंडळीच्या वडीलवर्गाशी मी बोलले, हा धागाच त्यांना पाठवला. निदान एवढं तरी ठरतंय की कुणा एका व्यक्तीबद्दल काही सांगायचं असेल तर ते सगळ्यांसमोर न बोलता आधी दोन तीन प्रौढ विश्वासणाऱ्यांसमोर मांडायचं, आणि सभेत जे बोललं जाईल त्यावर नंतर शास्त्र उघडून बोलायला वेळ ठेवायचा. काहींना हे बंधन वाटतंय.

एक विचारायचं राहिलं. २६ व्या वचनात प्रत्येकाजवळ काहीतरी असतं. ज्याच्याजवळ त्या दिवशी काहीच नसतं त्याचं काय? माझे असे बरेच रविवार गेलेत. मोकळ्या सभेत अशा माणसाला फार अवघडल्यासारखं होतं, वाटतं आपलंच काहीतरी कमी आहे.

पायवाट

माझ्या मते त्याचंही उत्तर त्याच अध्यायात आहे. २९ मधे दोघे तिघे बोलतात, बाकी सगळे काय करतात, तर पारख करतात. १६ मधे एक जण उपकारस्तुती करतो, दुसरा आमेन म्हणतो. पौल त्या दुसऱ्याला गौण धरत नाही, उलट त्याला आमेन म्हणता येत नसेल तर पहिल्याची प्रार्थना तो अपुरी मानतो. नहेम्या ८ मधेही एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतोय, लोकांच्या हातात काही नाही, ते फक्त हात वर करून आमेन, आमेन म्हणतात आणि रडतात. आणि जे लेवी त्यांना अर्थ समजावून सांगतात तेही म्हणतात रडू नका, आज सण आहे. त्या दिवशी काय घडायचं ते त्या रडणाऱ्यांमुळेच घडलं. तेव्हा रिकाम्या हाताने आलेल्याला सभेत काम नाही असं मला तरी कुठे दिसत नाही.

एम्माऊसचा वाटसरू

पुढच्या वेळी कलस्सै ३:१६ आणि इफिस ५:१९ शेजारी ठेवून वाचायचं का? दोन्हीकडे स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक गायनं येतात, एकीकडे ख्रिस्ताचं वचन भरपूर राहो असं आहे आणि दुसरीकडे आत्म्याने परिपूर्ण व्हा. मला वाटतं आपला हाच विषय तिथे गाण्याच्या अंगाने आलाय.

तंतुवाद्य

हो, नक्की. मी वेगळा धागा काढतो, जागल्यादादा तुम्हीही या.

जागल्या

येतो. ११:५ वर लिहून आणतो.